मन ठिकाणावर नसताना गाडी चालवणं

मृण्मयी_सिंहगडरोड | मंगळवार, रात्री ११:१०

गेल्या गुरुवारची गोष्ट. दुपारी पावणेचारला ऑफिसात आईचा फोन आला. "बाबांच्या छातीत दुखतंय, शेजारचे काका त्यांना घेऊन सदाशिव पेठेत दवाखान्यात निघालेत, तू सरळ तिकडेच ये." मी लॅपटॉपसुद्धा बंद केला नाही. पर्स उचलली, चावी घेतली आणि खाली. ऑफिस कर्वे रोडला, म्हणजे अंतर काही फार नाही. नळ स्टॉपवरून म्हात्रे पुलाकडे वळल्याचं आठवतं. पूल आठवत नाही.

त्यानंतरचं आठवतं ते एकदम ब्रेकच. पुलापलीकडच्या चौकात सिग्नल लाल होता आणि मी सरळ निघाले होते. समोर एक बाई मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मुलीच्या पाठीवर निळं दप्तर. माझं बॉनेट आणि ते दप्तर यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल.

मी वेगात नव्हते. काटा तीस-पस्तीसच्या वर नसेल. फोन पर्समध्ये होता. अकरा वर्षं पुण्यात गाडी चालवतेय, एकदाही कुणाला धक्का लागलेला नाही. सिग्नल झाडाआड नव्हता, समोर होता. मी त्याच्याकडे बघतही असणार. पण मला तो दिसला नाही.

त्या बाईनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं नुसतं मुलीला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यावर शहाळी विकणारे एक काका आहेत, त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "घरचं कुणी आजारी आहे का?" असं आपणहून विचारलं. माझे हात इतके थरथरत होते की बाटलीचं झाकण त्यांनीच उघडून दिलं.

बाबांची त्याच संध्याकाळी अँजिओप्लास्टी झाली. परवा घरी आले, बरे आहेत. पण मी डोळे मिटले की ते दप्तर दिसतं.

दारू पिऊन गाडी चालवू नये हे आपण मुलांना शिकवतो. मन ठिकाणावर नसताना चालवू नये असं मला कुणी कधी सांगितल्याचं आठवत नाही. आणि सांगितलं असतं तरी असा फोन आल्यावर थांबायचं कसं? तुम्ही काय करता? हे खरंच दारूइतकं धोक्याचं असतं, की माझंच काही चुकलं?

रानवारा | मंगळवार, रात्री ११:२४

बापरे. वाचतानाच पोटात गोळा आला. बाबांना जपा, आणि स्वतःलाही.

आजोळ | मंगळवार, रात्री ११:३१

तुझं काही चुकलं नाही गं. आईच्या जागी मी असते तर मीही तसाच फोन केला असता, आणि आता मला त्याचीच भीती वाटतेय. माझा मुलगा रोज खराडीला जातो.

अण्णा_नारायणपेठ | बुधवार, सकाळी ६:५०

आपले वडील सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. तरीही थोडे वेगळे मत मांडतो.

मी १९८४ पासून पुण्यात दुचाकी चालवतो आहे. आधी लुना, मग स्कूटर, आता गिअर नसलेली. ताण कोणाला नव्हता? नोकरीत बदल्या होत्या, मुलांच्या परीक्षा होत्या, घराचे हप्ते होते. माझे वडील गेले त्या रात्री मी अँब्युलन्सच्या मागे स्कूटर चालवत गेलो, तेही भर पावसात, आणि काही झाले नाही. उलट अशा वेळी माझे लक्ष अधिक असते. हात बसलेला असला आणि नियम अंगवळणी पडलेले असले की मन कुठेही असो, पाय आपोआप ब्रेकवर जातो. आज प्रत्येक गोष्टीला ताण हे नाव देऊन आपण शिस्तीचा प्रश्न बाजूला ठेवतो, असे मला वाटते. हे आपल्याला उद्देशून नाही.

चक्रधर | बुधवार, सकाळी ९:१५

अण्णा, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. माझा सांगतो.

माझे वडील एसटीत चालक होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच वर्षं सासवड-जेजुरीकडच्या गाड्या, म्हणजे रोजचा दिवे घाट. आमच्या घरात एक नियम होता. तो कुणी कधी बोलून दाखवला नाही, पण आम्हा तिघा भावंडांना पाठ होता. वडील ड्यूटीवर निघायच्या आधी तासभर घरात पैशाचं काढायचं नाही, नापास झालो तर प्रगतिपुस्तक दाखवायचं नाही, आजीनं आणि आईनं एकमेकींबद्दल काही सांगायचं नाही. आई त्यांना चहा द्यायची आणि समोर बसून वाटाणे सोलायची, काहीही न बोलता. मला लहानपणी वाटायचं, आई त्यांना घाबरते. मोठा झाल्यावर विचारलं तर म्हणाली, "मी त्यांना नाही घाबरत. त्यांच्या मागं पन्नास माणसं बसणार असतात, त्यांच्यासाठी गप्प बसते."

बरोबरच्या वाहकांनाही कळायचं. एकदा वडील रात्रभर जागून ड्यूटीवर गेले होते, धाकट्या बहिणीला ताप होता. घाटाच्या पायथ्याशी वाहकानं स्वतःहून बेल दिली, गाडी उभी केली आणि म्हणाला, "उतरा, तोंड धुवा, चहा घ्या, मग चढू." उशीर झाला म्हणून प्रवासी ओरडले. तो प्रवाशांशी भांडत राहिला आणि वडील चहा पीत राहिले.

एक गोष्ट अजून माझ्या मनात उलगडलेली नाही, ती इथे विचारतो. १९९३ साली माझे मोठे काका गावी वारले. तार आगारात आली तेव्हा वडिलांची गाडी निघायला दहा मिनिटं होती. वाहतूक नियंत्रकानं तार खिशात ठेवली. वडील जाऊन परत आले, गाडी लावली, मग त्यानं तार त्यांच्या हातात दिली. साडेचार तास. वडिलांना भावाची माती मिळाली नाही. त्या माणसाशी ते दोन वर्षं बोलले नाहीत. पुढे निवृत्त होताना सत्काराला त्यालाच शेजारी बसवलं, पण का ते कधी सांगितलं नाही. त्यानं बरोबर केलं का?

निळावंती | बुधवार, सकाळी ९:४०

चक्रधर, अंगावर काटा आला.

पण नाही, मला ते बरोबर वाटत नाही. बातमी द्यायची आणि दुसरा चालक उभा करायचा, हे त्याचं काम होतं. माणसाच्या भावाचा मृत्यू दुसऱ्यानं साडेचार तास खिशात ठेवायचा?

चक्रधर | बुधवार, सकाळी ९:५२

दुसरा चालक नव्हता त्या दिवशी. गाडी रद्द केली असती तर पुढच्या गाडीला तीन तास होते. पण तुमचं म्हणणं आईचंही होतं.

सोनचाफा | बुधवार, दुपारी १:०५

मी समुपदेशक आहे, कोथरूडला. मृण्मयी, "सिग्नल दिसला नाही" हे तू अगदी खरं लिहिलंयस. त्याला सबब समजू नकोस.

१९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही जण चेंडू एकमेकांकडे टाकताहेत अशी फीत लोकांना दाखवली आणि पांढऱ्या शर्टवाले किती वेळा चेंडू देतात ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेषातलं एक माणूस सरळ चालत येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. मोजण्यात गुंतलेल्या निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. डोळ्यांवर चित्र पडत होतं, पण लक्ष दुसरीकडे बांधलेलं होतं. पुलावरून येताना तूही मोजत होतीस. बाबा कुठवर पोचले असतील, आई एकटी आहे, भावाला कळवायचंय.

त्यात शरीराची भर. असा फोन आला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, नाडी धावते, श्वास वरवर होतो, थोड्या वेळानं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही चढतं. लांब पळायला किंवा भांडायला हे उपयोगी आहे. पण नजर एका बिंदूवर आवळली जाते आणि कडेचं पुसट होतं. शहरात धोका कडेनंच येतो. माणूस फुटपाथवरून उतरतो, रिक्षा डावीकडून घुसते.

अण्णा, तुमचं म्हणणंही हवेतलं नाही. १९०८ मध्ये यर्किस आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की थोडी उत्तेजना असेल तर कामगिरी सुधारते, पण एका मर्यादेपलीकडे ती घसरते, आणि काम जितकं अवघड तितकी ती मर्यादा लवकर येते. पावसात अँब्युलन्सच्या मागे जाताना तुमच्यासमोर धरायला एकच गोष्ट होती, तिचा लाल दिवा. रात्रीचा रस्ता रिकामा असेल. दुपारी चारला शाळा सुटल्यावरचा चौक फार वेगळा.

आता दारूबद्दल. २०१६ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी साडेतीन हजारांहून अधिक चालकांच्या गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. राग, दुःख, रडू किंवा अस्वस्थता चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असताना अपघाताचा धोका, शांत आणि सावध चालवण्याच्या तुलनेत, सुमारे ९.८ पट निघाला. हातात फोन धरून चालवण्याचा ३.६ पट. दारू किंवा अमली पदार्थांचा सुमारे ३६ पट. म्हणजे दारूइतकं नाही. पण ज्या फोनवरून आपण रोज दुसऱ्यांना बोल लावतो, त्याहून जास्त.

गणितवेडा | बुधवार, दुपारी १:३८

सोनचाफा यांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. लक्ष भरकटल्यामुळे ब्रेकवर पाय जायला नेहमीपेक्षा फक्त अर्धा सेकंद उशीर झाला, तर साडेपाच मीटर गेले. पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे साधारण तेवढ्यात संपतात. साठला आठ मीटरच्या वर. एक्स्प्रेस वेवर शंभरला चौदा मीटर, म्हणजे पीएमपीच्या लांब बसपेक्षा जास्त. आणि हे फक्त ब्रेक लागायच्या आधीचं. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट, तर अंतर चौपट.

मृण्मयीताई तीसच्या वेगात होत्या म्हणून हातभर अंतर उरलं. पन्नासवर असत्या तर ते उरलं नसतं.

डोंगरवाट | बुधवार, दुपारी ३:२०

सगळे मनाबद्दल बोलताय, रस्त्यांबद्दल कोण बोलणार? विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, त्यानंतर गणेशखिंड रस्त्यावर वर्षानुवर्षं पत्रे, बॅरिकेड, रोज नवं वळण. नगर रोडला सकाळी सव्वा तास. चांदणी चौकात नव्या पुलावर कुठून कुठे जायचं ते कळेपर्यंत आपण भलत्याच रस्त्याला लागलेलो असतो. माणूस घरून हसत निघाला तरी ऑफिसात पोचेपर्यंत चिडलेला असतो. ताण घरून येत नाही, रस्ताच देतो.

रानवारा | बुधवार, दुपारी ३:३१

आणि हॉर्न. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी तीन सेकंद मागून सुरू होतात.

कात्रजचा_बाळू | बुधवार, दुपारी ३:४५

हेल्मेटचं काय? सक्ती झाली की मोर्चे काढणारं शहर आपलं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. मन ठिकाणावर नसलं तर निदान डोकं तरी झाकलेलं असू द्या.

पेठेतला_प्रथमेश | बुधवार, दुपारी ३:५८

हेल्मेटनं मागचं ऐकू येत नाही, मानेला त्रास होतो, शहरात वीसच्या वर वेग जात नाही…

निळावंती | बुधवार, संध्याकाळी ४:०६

हेल्मेटवर कृपा करून वेगळा धागा काढा, इथे चारशे प्रतिसाद त्यातच जातील. (बाळूशी पूर्ण सहमत, तरीही.)

डोंगरवाट, रस्ता ताण देतो हे मान्य. पण दोन्ही ताण एकाच डोक्यात साठतात ना? घरून अर्धा पेला भरून निघालं की भूमकर चौकात तो सांडतो.

वाकड_ते_फेज_तीन | बुधवार, रात्री १०:१२

मृण्मयीचा प्रसंग एका दिवसाचा होता. आमचा रोजचा आहे, आणि त्यामुळे तो ताण वाटेनासाच झालाय.

मी हिंजवडीत आहे. सकाळची बैठक साडेनऊला. नऊला वाकडच्या पुलाखाली अडकलेलो असतो. साहेबांचं ठरलेलं वाक्य: "गाडीतच आहेस ना, मग गाडीतूनच जॉइन हो." फोन डॅशबोर्डवर, आवाज गाडीच्या स्पीकरवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला वाटायचं, मी नियमानं वागतोय. गेल्या महिन्यात अशाच बैठकीत एका चुकीवरून सगळ्यांसमोर माझी कानउघाडणी झाली. मी उत्तर देत होतो, आणि शिवाजी चौकाच्या अलीकडे एक दुचाकीवाला माझ्या दारावर हात आपटून निघून गेला. मी त्याला दाबत दाबत दुभाजकापर्यंत नेलं होतं. मला पत्ताच नव्हता.

नंतर वाचलं. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर वर्षानुवर्षं यावर काम करताहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की फोन हातात असो वा नसो, संभाषणच लक्ष खातं. शेजारी बसलेला माणूस रस्ता बघून गप्प होतो. फोनवरच्या माणसाला समोर ट्रक आलाय हे दिसत नाही.

झोपेचंही तसंच. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिलं की हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो. आपल्याकडची कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडायच्या रात्री पहाटे तीनला घरी निघणारा प्रत्येक जण त्या मर्यादेच्या वर असतो, आणि त्याला कुणीही यंत्रात फुंकायला लावत नाही.

मी साहेबांना लिहून कळवलं की गाडी चालवताना बैठकीला येणार नाही. तीन दिवस धाकधूक होती. चौथ्या दिवशी टीममधल्या आणखी दोघांनी तेच लिहिलं.

आजोळ | बुधवार, रात्री १०:२०

शाब्बास रे.

वकिली_डोकं | गुरुवार, सकाळी ११:००

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात दारूसाठी कलम १८५ आहे. त्याच्या पुढचंच कलम १८६, वाहन चालवायला मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अयोग्य असताना चालवण्याबद्दल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी एक हजार, पुढच्या वेळी दोन हजारांपर्यंत दंड. पण त्यातले शब्द आजार आणि अपंगत्व असे आहेत, आणि चालकाला त्याची जाणीव असली पाहिजे. दुःख किंवा भीती त्यात बसवणं कठीण, आणि बसवूही नये असं माझं मत. वडील आजारी असलेल्या मुलीला दंड करून कोणाचा जीव वाचणार?

व्यावसायिक चालकांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास सांगायचा. चक्रधर यांच्या वडिलांच्या वेळीही तो होता. कागदावर होता, पण वाहकाला बेल मारून गाडी उभी करावी लागली.

डोंगरवाट | गुरुवार, सकाळी ११:२५

पुण्यात या विषयावर बोलताना २५ जानेवारी २०१२ आठवतेच. स्वारगेट आगारातून एका चालकानं बस पळवली, नऊ जण गेले. मी त्या सकाळी त्याच भागात होतो.

सोनचाफा | गुरुवार, सकाळी ११:५०

डोंगरवाट, ती सकाळ कुणी विसरू शकत नाही. पण ती या धाग्यात नको, अशी विनंती करते. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचे प्रश्न वेगळे होते. आपण बोलतोय ते तुमच्या-माझ्यासारख्यांच्या एका वाईट दुपारबद्दल. दोन्ही एकत्र केलं की लोक ताणाबद्दल बोलायलाच घाबरतील. मला वेडा म्हणतील, कामावरून काढतील, म्हणून किती चालक गप्प बसतात हे मी रोज ऐकते. ज्यांना फार दिवस झोप नाही, सतत धडधड आहे, त्यांच्यासाठी सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, १४४१६. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पार्सलवाला_पव्या | गुरुवार, रात्री ११:५५

आत्ता घरी आलो. सगळा धागा वाचला. मी जेवणाची पार्सलं पोचवतो, औंध-बाणेर-पाषाण भागात.

"गाडी बाजूला घ्या, दहा मिनिटं बसा" हे बरोबर आहे. पण माझी दहा मिनिटं कुणाच्या खिशातून जाणार? ऑर्डर घेतली की मोबाईलवर वेळ उलटी पळायला लागते. हॉटेलात वीस मिनिटं थांबवलं तरी ती माझ्याच नावावर. पावसात बाणेरचा चढ, वर सोसायटीच्या गेटवर नाव लिहा, लिफ्ट नाही, मागच्या दारानं या. तोवर ग्राहकाचे तीन फोन. "कुठे आहेस?" मी उचलला नाही तर तारे कमी देतात. उचलला तर एका हातानं गाडी.

एक सांगतो, राग मानू नका. मागच्या वर्षी माझी बायको बाळंत झाली त्या रात्री मी सहा ऑर्डरी केल्या, कारण त्या आठवड्याचा बोनस सहा ऑर्डरींवर अडला होता. पाचव्या ऑर्डरीला मी पाषाणऐवजी सूसकडे निघालो होतो. किती किलोमीटर गेलो ते कळलं नाही.

तुम्ही लोक एवढं करू शकता. नकाशावर आमचं टिंब हलताना दिसतं ना? ते हलत असेल तर फोन करू नका. थांबलेलं दिसलं तर करा.

आजोळ | शुक्रवार, सकाळी ७:१०

पवन की प्रवीण माहीत नाही, पण बाळ, यापुढे माझ्या घरून हलत्या टिंबाला फोन जाणार नाही. बाळ कसं आहे तुझं?

पार्सलवाला_पव्या | शुक्रवार, सकाळी १०:३०

मुलगी आहे काकू. आता रांगते.

निळावंती | शुक्रवार, सकाळी ११:१५

पव्याच्या प्रतिसादानंतर मी खिशात ठेवलेल्या त्या तारेबद्दल पुन्हा विचार केला. चक्रधर, माझं मत पूर्ण बदललं नाही, पण सांगते.

माझा भाऊ तळेगावला असतो. आई गेली तेव्हा मी त्याला फोन केला आणि पहिलंच वाक्य बोलले, "दादा, आई गेली." पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. तो देहूरोडजवळ मोटारसायकलवर होता, कानात बड्स. आवाज थांबला आणि कितीतरी वेळ काही ऐकू येईना. ते अर्धं मिनिट असेल, मला जन्म वाटला. त्यानं गाडी कडेला घेतली होती आणि खाली बसला होता.

तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही मोठी बातमी असली, अगदी चांगलीही, तर आधी विचारतो, "गाडीवर आहेस का?" हो म्हणाला तर, "थांबलास की कर, घाई नाही." खोटं बोलायचं नाही, लपवायचं नाही. फक्त आधी चाकं थांबली पाहिजेत. नियंत्रकाकडे मोबाईल नव्हता, त्याच्यापुढे सुटायची वेळ झालेली गाडी होती. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं हे आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

चक्रधर | शुक्रवार, सकाळी ११:४०

हे वडिलांना वाचून दाखवतो संध्याकाळी. आता ब्याऐंशीचे आहेत.

अण्णा_नारायणपेठ | रविवार, सकाळी ७:०५

चार दिवस लिहिले नाही. सोनचाफा यांचा प्रतिसाद तीनदा वाचला. तो पटीचा आकडा मी स्वतःला तसाच लावून घ्यायला अजूनही तयार नाही. अमेरिकेतल्या मोटारी आणि लक्ष्मी रस्त्यावरची स्कूटर यांत फरक आहे.

तथापि एक घडले. काल सौभाग्यवतींना मंडईतून घेऊन येत होतो. हा धागा डोक्यात होता म्हणून सहज विचारले, "मी चिडलेलो असलो तर तुला मागे बसून कळते का?" त्या म्हणाल्या, "अहो, न कळायला काय झालं? एरवी तुम्ही वळताना मागे बघता, मला काहीबाही सांगत असता. चिडलात की गप्प होता आणि मान हलवत नाही. मग मी मागचा बार धरून बसते."

मी विचारले, कधीपासून? म्हणाल्या, स्कूटर घेतल्यापासून. म्हणजे १९९१. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, कारण सांगितले असते तर मी अधिक चिडलो असतो. हे त्यांनीच सांगितले.

वडिलांच्या रात्री माझ्या मागे कोणी बसलेले नव्हते. त्यामुळे माझे लक्ष अधिक होते हे मी कोणाच्या साक्षीने म्हणतो आहे, असा प्रश्न मला पडला आहे. आमचे असे ठरले आहे की यापुढे त्यांनी खांद्यावर हात ठेवायचा, आणि हात पडला की मी गाडी कडेला घ्यायची, कारण न विचारता.

सोनचाफा | रविवार, सकाळी ८:३०

अण्णा, काकूंना माझा नमस्कार सांगा.

मृण्मयी_सिंहगडरोड | रविवार, रात्री ९:४५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, बाबांनाही वाचून दाखवले. उशिरा लिहितेय, माफ करा.

मी विचारलं होतं की असा फोन आल्यावर काय करता. आमच्या घरी ठरलेलं सांगते. निळावंतीचा "गाडीवर आहेस का" हा प्रश्न आई आता पाठ करून बसलीये. दुसरं, असा फोन आला तर मी स्वतः चालवायचं नाही. रिक्षा, नाहीतर ऑफिसमधलं कुणीही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला मी माझ्या चावीची जागा दाखवून ठेवलीये आणि तिनं तिची मला. त्या दिवशी मी "जरा सोडतेस का" म्हटलं असतं तर ती उठली असती. मला ते सुचलंच नाही, कारण विचारण्यात वेळ जाईल असं वाटलं. आणि तिसरं, कुणीच नसेल तर गाडीत बसल्यावर चावी फिरवायच्या आधी बाहेर दिसणाऱ्या पाच गोष्टी मोठ्यानं म्हणायच्या. हे सोनचाफांनी मला व्यक्तिगत निरोपात सुचवलं, श्वास लांब सोडत म्हणायला सांगितलं. तेव्हापासून रोज करतेय. पहिल्या दिवशी तीनच सापडल्या.

काल त्या शहाळेवाल्या काकांकडे गेले होते. बाबा ठीक आहेत सांगितलं, त्यांनी जबरदस्तीनं शहाळं पाजलं. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं होतं, घरी कुणी आजारी आहे?" म्हणाले, "ताई, या पुलावरून पेठेतल्या दवाखान्यांकडे जाणाऱ्या गाड्या मी चौदा वर्षं बघतोय. अशी माणसं सिग्नलला थांबली तरी समोर बघत नाहीत, लांब कुठंतरी बघतात. महिन्याला एखाद-दोघांना तरी बसवतो." त्यांच्याकडे दोन स्टुलं आहेत. एक त्यांचं.

त्या बाईचा आणि मुलीचा पत्ता मला माहीत नाही. शाळा सुटायच्या वेळी दोन दिवस तिथे उभी राहिले. दिसल्या नाहीत. पुन्हा जाणार आहे.

चक्रधर | रविवार, रात्री १०:१०

वडिलांना धागा वाचून दाखवला. तारेपाशी आलो तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या फेरीला गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं." एवढंच.

पार्सलवाला_पव्या | रविवार, रात्री ११:५०

ताई, ते शहाळेवाले काका नक्की कुठं बसतात? पुढच्या महिन्यात मला डेक्कनकडचा भाग मिळतोय, तिथून रोज जाणं होईल.

मृण्मयी_सिंहगडरोड | सोमवार, सकाळी ८:१५

पूल उतरलास की चौकाच्या अलीकडे, डाव्या हाताला. निळी छत्री आहे. संध्याकाळी सातपर्यंत असतात.